बिअर नंतर, आधी कण्या पातळ करून पाहा

वाचकांचे प्रश्न : आंबवणं, मुरवणं, साठवणं

प्रश्न : काकू, मी दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यात राहतो. बी.एस्सी. झाली, आता बाबांसोबत शेती करून राहिलो. माझा मावसभाऊ अमेरिकेत आहे. तो तिकडे घरीच बिअर बनवते. दिवाळीत येताना माल्ट, हॉप्स, यीस्ट आणि वीस लिटरचा डबा, सगळं घेऊन येतो म्हणते. मला पिण्याचा शौक नाही. पण धान्यापासून ते बनते कसं, हे मला लय दिवसापासून पाहावंसं वाटते. आमच्या घरची ज्वारी चालते काय? आपल्याकडच्या उन्हाळ्यात जमते काय? आईला सांगितलं तर तिनं दोन दिवस बोलणं टाकलं. सुरुवात कुठून करू?

उत्तर : बाळा, तुझ्या पत्रातलं एक वाक्य मला फार आवडलं, ‘धान्यापासून ते बनते कसं, हे पाहावंसं वाटते’ हे. तीस वर्षं मी कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवलं आणि हा प्रश्न विचारणारी पोरं मला बोटावर मोजण्याइतकी भेटली. म्हणून तुझं उत्तर जरा लांबणार आहे.

आधी नको असलेली गोष्ट सांगते. मावसभावाला फोन कर आणि ते सामान आणू नको म्हणून सांग. आपल्या राज्यात 1949 चा दारूबंदी कायदा आहे. नावात बंदी असली तरी परवाना घेऊन दारू बनवता येते, विकता येते. परवान्याशिवाय मात्र नाही. त्याच्या कलम 65 मध्ये दारू बनवणं तर येतंच, पण बनवण्यासाठी सामान नि भांडी जवळ बाळगणंही येतं. हौसेखातर घरापुरती थोडीशी, अशी सूट त्यात नाही. पुण्या-मुंबईच्या हॉटेलात जागेवर बनवलेली बिअर मिळते, ती त्यासाठीचा वेगळा परवाना घेऊन. तुझा भाऊ चूक करत नाही, कारण त्याच्या देशात तशी मुभा आहे. तिथेही ती अलीकडचीच. 1978 मध्ये अध्यक्ष कार्टर यांनी सही केल्यावर घरच्या बिअरवरचा कर गेला. एका प्रौढाला वर्षाला 100 गॅलन, दोघं किंवा जास्त प्रौढ असतील त्या घराला 200 गॅलनपर्यंत. इंग्लंडात ही मोकळीक 1963 ची. आपल्याकडे ती नाही, आणि तुझ्या शेजारचा वर्धा जिल्हा तर संपूर्ण दारूबंदीचा.

आणि आईने बोलणं का टाकलं, ते मला कळते. आमच्या घरात माझा थोरला भाऊ दारूने गेला. त्याच्या शेवटच्या दोन वर्षांत माझ्या आईने घरातली एकही रिकामी बाटली ठेवली नाही, तेलाची सुद्धा. गावातलं दुकान बंद करायला बायका ‘उभी बाटली, आडवी बाटली’ असं मतदान करतात, त्या रांगेत मी उभी राहिली आहे. तुझ्या आईला फुगणारा डबा दिसेल तेव्हा तिला विज्ञान दिसणार नाही. तिच्या डोळ्यांपुढे आणखी कुणी तरी येईल. हे मनात ठेवून पुढचं वाच.

पण तुझी जिज्ञासा वाया घालवायची गरज नाही. बिअर बनवण्याच्या कामाचे दोन भाग असतात. पहिला भाग म्हणजे दाण्यातला स्टार्च साखर करणं. दुसरा म्हणजे त्या साखरेची यीस्ट या आंबवणाऱ्या सूक्ष्म बुरशीकडून दारू करून घेणं. खरं कसब, निरीक्षण, चुका, आनंद हे सगळं पहिल्या भागात आहे, आणि तो पूर्ण कायदेशीर आहे, आईसमोर चुलीवर करण्याजोगा आहे. मोड आणलेल्या धान्याचं बाळाचं पीठ, हा त्याचाच प्रकार. दुसऱ्या भागात माणसाला करायचं फार थोडं असते. ते काम यीस्ट करते.

म्हणून सुरुवात माल्टपासून. माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य. दाणा भिजला की त्याला वाटते, पेरणी झाली. मग तो आपल्या पोटातला स्टार्चचा साठा फोडायला अमायलेज नावाची एन्झाइम तयार करतो, कारण कोवळ्या रोपाला खायला साखर हवी असते. आपण नेमकं त्या क्षणी त्याला वाळवून थांबवतो.

इथे तुझ्या ज्वारीची गोष्ट येते. आफ्रिकेत ज्वारीच्या माल्टची बिअर शतकानुशतकं बनते, तेव्हा ‘चालते काय’ याचं उत्तर हो आहे. पण मी तुला ज्वारीला मोड आणायला सांगणार नाही. पावसाने ताण दिला की कोवळी ज्वारी चरून जनावर तडफडून दगावते, हे तू शेतकऱ्याचा पोरगा असून तुला सांगायला नको. त्याच जातीचं सायनाइड देणारं द्रव्य ज्वारीच्या मोडात आणि मुळ्यांत असते. जाणकार लोक कोंब आणि मुळ्या चोळून काढतात, उघड्या भांड्यात शिजवतात. नवख्याने तिथून सुरुवात करू नये. मोड आलेली ज्वारी कच्ची तर कुणीच खाऊ नये. तू माल्ट गव्हाचं कर आणि ज्वारी कण्यांच्या रूपात वापर. बन्सी असो की दुसरा, घरचा कोणताही गहू चालेल. फक्त बियाण्याच्या पिशवीतला गुलाबी औषध लावलेला गहू चुकूनही घेऊ नको.

हे काम हिवाळ्यात, डिसेंबर ते फेब्रुवारीत कर. अर्धा किलो गहू निवडून धू आणि रात्रभर भिजव, झोपायच्या आधी एकदा पाणी बदल. सकाळी निथळून टोपल्यात ओल्या सुती कापडावर दोन बोटं जाडीचा थर दे, वर ओलं कापड टाक. दिवसातून दोनदा दाणे हाताने उलटे-पालटे कर आणि पाण्याचा हबका मार. हे उलटणं चुकवू नको. मोड येणारा दाणा श्वास घेतो, त्यातून उष्णता निघते, आणि ढिगाच्या मधोमध हात घातला तर गरम लागते. तिथेच बुरशी धरते, मुळ्या एकमेकांत गुंतून चटई होते. पहिल्या वर्षी मी एका लग्नाला गेली आणि एक दिवस उलटणं राहिलं, तर सगळं टोपलं फेकावं लागलं होतं. काळी, हिरवी बुरशी दिसली किंवा कुबट वास आला की चाळत-निवडत बसू नको, फेक. ताज्या माल्टला हिरव्या काकडीसारखा वास येतो. तो पहिल्यांदा आला तेव्हा मी टोपल्यावर वाकून कितीतरी वेळ बसली होती.

दोन-तीन दिवसांत मुळ्या आधी दिसतील, कोंब मागून येईल. कोंब दाण्याच्या लांबीएवढा होत आला की थांब. आधी सावलीत वारा देऊन सुकव, मग कोवळ्या उन्हात खडखडीत वाळव. ओल्या माल्टला एकदम कडक तापवलं तर एन्झाइम मरते, म्हणून टिनावर भर दुपारी टाकू नको. वाळल्यावर तळहातांत चोळून मुळ्या झाड, पाखड, आणि जाडसर दळून घट्ट डब्यात ठेव.

आता खरा प्रयोग. वाटीभर ज्वारीच्या कण्या, साधारण 200 ग्रॅम, दीड लिटर पाण्यात पाऊण तास मऊ शिजव, आपण ताकासोबत खातो तशा, पण जरा घट्ट. ज्वारीचा स्टार्च फुलायला गव्हापेक्षा जास्त तापमान लागते, म्हणून ती आधी पूर्ण शिजणं भाग आहे. पातेलं उतरव. दूध संकलन केंद्रावर असतो तसला 100 अंशांपर्यंतचा थर्मामीटर मिळव. ही एकच वस्तू विकत घ्यायची. कण्या 68 अंशांवर आल्या की 100 ग्रॅम माल्टचं पीठ थोड्या पाण्यात कालवून त्यात ओत आणि ढवळ. सगळं मिळून 65 च्या आसपास यायला हवं. 75 च्या वर टाकलंस तर एन्झाइम लवकर मरते, फार थंडात टाकलंस तर ते रेंगाळते.

आता बघत राहा. दहा-पंधरा मिनिटांत पळी उभी राहील असा घट्ट गोळा सैल होऊ लागतो आणि मग चक्क पाण्यासारखा पातळ. त्यात तू पाणी घातलेलं नाही. एन्झाइमने स्टार्चच्या लांब साखळ्या कापल्या, एवढंच झालेलं असते. हा प्रयोग मी दरवर्षी पोरांना दाखवायची आणि दरवर्षी मागच्या बाकावरची पोरं उठून टेबलाशी यायची. पातेलं गोधडीत गुंडाळून तासभर ठेव, मग चव घे. साखरेचा दाणा न टाकता ते गोड झालेलं असेल. खात्री करायची तर चमचाभर वेगळ्या बशीत काढून त्यावर औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या टिंक्चर आयोडीनचा थेंब टाक. स्टार्च शिल्लक असेल तर तो निळा-काळा होतो, साखर झाली असेल तर आयोडीनचा तपकिरी रंग तसाच राहतो. ती बशी मात्र फेकून दे, चाखू नको.

मग पातळ फडक्याने गाळ, चोथा गाईला घाल. गाळलेलं पंधरा मिनिटं उकळ, त्यात ठेचलेलं आलं टाक. थंड झाल्यावर लिंबू आणि चिमूटभर मीठ. त्याच दिवशी प्या, फार तर फ्रीजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी. आईला पहिला पेला दे.

तुझ्या भावाच्या भाषेत या गाळलेल्या पाण्याला वर्ट म्हणतात. म्हणजे बिअरवाला जिथपर्यंत पोचतो तिथपर्यंत तू पोचलास. तो पुढे त्यात हॉप्स टाकून तासभर उकळतो. हॉप्स ही एका वेलीची मादी फुलं, कडू, आणि नासवणाऱ्या काही जिवाणूंना अडवणारी. कुळ भांगेचंच, पण नशा त्यात नाही. हा थंड प्रदेशाचा वेल आहे, भारतात हिमाचलातल्या लाहौलच्या खोऱ्यात तो लावला गेला. मग तो वर्ट लवकर थंड करून त्यात यीस्ट सोडतो. बव्हेरियात 1516 मध्ये बिअरसाठी नियम झाला तेव्हा त्यात जव, हॉप्स आणि पाणी एवढीच नावं होती. यीस्ट त्यात नव्हतं, कारण आंबवणारा कुणी जीव आहे हे तेव्हा माहीतच नव्हतं. ते पाश्चरने दाखवलं, 1876 मध्ये त्याने बिअरवर आख्खा ग्रंथ लिहिला. आणि 1883 मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत हॅन्सनने यीस्टची एकच शुद्ध जात वेगळी वाढवून दाखवली. आपल्याकडे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत असे सूक्ष्मजीव जपून ठेवण्याचा मोठा संग्रह आहे. मी तो पाहायला गेली तेव्हा आमच्या घरच्या विरजणाची आठवण झाली, जे आजी शेजारणीला वाटीतून द्यायची.

उन्हाळ्याचं विचारलंस. बिअरचं नेहमीचं यीस्ट 18 ते 22 अंशांवर नीट काम करते, लागर जातीचं त्याहूनही थंडीत. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 वर. तेवढ्या गरमीत यीस्ट घाईने काम करते आणि घशाला जळजळणारी जड अल्कोहोलं सोडते, किंवा मरून जाते. ओल्या गोणपाटाने गुंडाळलेला रांजण कोरड्या एप्रिल-मेमध्ये गारवा देतो, पण पावसाळ्यात हवाच ओली असते, तेव्हा गोणपाट वाळत नाही आणि गारवा येत नाही. म्हणजे कायदा बाजूला ठेवला तरी ही हौस आपल्या हवेची नव्हे.

आपल्या हवेचं आंबवणं आहे ते आंबिलीचं. ज्वारीचं पीठ ताकात रात्रभर भिजवायचं, सकाळी शिजवायचं, जिरं-लसणाची फोडणी द्यायची. तिथे यीस्ट मागे असते आणि लॅक्टिक आम्ल करणारे जिवाणू पुढे. त्यांना 35 अंशांची गरमी आवडते, त्यातून दारू होत नाही, आंबटपणा येतो. माझी आजी वैशाखात सालदारांना शेतावर आंबील न्यायची, गाडग्याला ओलं फडकं बांधून. उन्हाळ्यात तू ही कर. चार दिवस रोज किती तासांत किती आंबट झाली ते वहीत लिही. पाचव्या दिवशी तुझ्या लक्षात येईल की तू आता पाककृती पाहत नाहीस, तापमान पाहून काम करतोस.

आणि वजन मोजणं शीक. दूध केंद्रातला लॅक्टोमीटर आणि बिअरवाल्याचा हायड्रोमीटर एकाच तत्त्वावर चालतात, द्रव जड असेल तर नळी वर तरंगते. वर्टमध्ये साखर जितकी जास्त तितकी ती वर. बिअरचा वर्ट पाण्याच्या 1.050 पट जड असला आणि आंबून 1.010 वर आला, तर त्यात अंदाजे पाच टक्के मद्यार्क झाला असं धरतात. तुझ्या ज्वारीच्या वर्टचा आकडा काय येतो ते मला कळव. मला खरोखर उत्सुकता आहे.

तुला यात पुढे जायचं असेल तर चोरून नको, शिकून जा. तुझी बी.एस्सी. आहे. नागपूरच्या लक्ष्मीनारायण तंत्रशास्त्र संस्थेत, जी आता विद्यापीठ झाली आहे, अन्न तंत्रज्ञान शिकवतात, पुण्याजवळ मांजरीला वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये अल्कोहोल तंत्रज्ञान. प्रवेशाच्या अटी विचारून घे. आणि तिथून शिकून आलेला माणूस फक्त दारूच बनवतो असं नाही; पाव, व्हिनेगर, औषधं, जनावरांचा मुरघास, सगळीकडे हेच शास्त्र लागते.

प्रश्न : ताई, मी काटोलची. आलं आणि साखर बरणीत ठेवून फेस आणते आणि त्याचा सोडा नातवंडांना देते. मागच्या आठवड्यात मध्यरात्री बाटली फुटली, काच आख्ख्या मोरीभर. काय चुकलं?

उत्तर : तुम्हाला किंवा पोरांना लागलं नाही ना, हे आधी कळवा. चूक काचेची आणि मे महिन्याची. यीस्ट साखर खाते तेव्हा 180 ग्रॅम ग्लुकोजमधून हिशेबाने 92 ग्रॅम अल्कोहोल आणि 88 ग्रॅम कर्बवायू निघतो. बुच घट्ट असेल तर त्या वायूला जायला जागा नाही. माझ्याकडेही एकदा अशीच बाटली फुटली, भिंतीत काच रुतली. तेव्हापासून मी काच वापरत नाही. सोड्याची जाड प्लास्टिकची बाटली घ्या, चार बोटं रिकामी ठेवा, आणि दर दोन-तीन तासांनी दाबून पाहा. दगडासारखी टणक लागली की लगेच फ्रीजमध्ये. उन्हाळ्यात हे सहा-आठ तासांतही होते, पुस्तकात लिहिलेले दोन-तीन दिवस थंड देशांचे आहेत.

आणखी एक, स्पष्ट सांगते. वरच्या हिशेबात पाहिलंत तसं, वायूसोबत मद्यार्कही होतोच. लवकर फ्रीजमध्ये टाकलं तर अगदी थोडा, पण बाहेर राहील तसा वाढतो. म्हणून लहान नातवंडांना हा सोडा देऊ नका. दारू सोडलेलं कुणी घरात असेल, तर करूच नका. पोरांसाठी आलं-लिंबाचं सरबत करून त्यात ऐनवेळी साधा सोडा ओता. काटोलची आहात, संत्र्याचा रस घाला, पोरं जास्त खूश होतील.

प्रश्न : मी कुरखेडा तालुक्यात शिक्षिका आहे. मोहफुलं म्हटलं की सगळे दारूच म्हणतात. शाळेतल्या मुलांसोबत दुसरं काय करता येईल?

उत्तर : खूप काही. तुमच्या गडचिरोलीत 1993 पासून दारूबंदी आहे, पण मोहाचं झाड त्याआधीही घराचं अन्नच होतं. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे गळणारी फुलं गोळा करायला झाडाखाली जुन्या साड्या अंथरा, पालापाचोळा जाळू नका. त्या आगीच पुढे जंगलात पसरतात. फुलं निवडून आतले केसर काढा, धुवा आणि चांगली वाळवा. भाजून, कुटून तीळ किंवा जवसासोबत लाडू करा. नुसती भिजवून शिजवली तरी गूळ घालावा लागत नाही.

मृग लागायच्या आधी ती हवाबंद डब्यात गेलीच पाहिजेत. वाळलेलं फूल पावसाळी हवेतलं पाणी ओढून घेते आणि डब्यातच आंबायला लागते. मुलांना दोन बरण्या दाखवा, एक घट्ट बंद, एक सैल झाकणाची. जुलैत दोन्ही उघडून वास घ्यायला सांगा आणि त्यांना काय वाटलं ते त्यांच्याच शब्दांत मला लिहून पाठवा.